माझा ठणठणीत गुडघा

एखादी गोष्ट चारचौघांपासून लपवायची असेल, तर चारचौघांना बोलावून तिच्यावर व्याख्यान ठेवावं, असा शोध मी गेल्या वर्षी लावला. शोध चुकला हे मान्य आहे. पण त्यामागे थोडंफार डोकं होतं, हेही कुणीतरी मान्य करायला हरकत नाही. अजून कुणी केलेलं नाही.

आधी मूळ गोष्ट सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला अंदाज बांधत बसायला नको. माझं वय त्रेपन्न. पाळी जाऊन दोन वर्षं झाली. ती गेली तेव्हा मी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. पण जाताना ती बरंच काही घेऊन गेली. योनीमार्ग कोरडा पडायला लागला. नवऱ्याशी जवळीक करायची म्हटलं की आग व्हायची, दुखायचं. आणि दुखणार या भीतीने अंग आधीपासूनच आखडून जायचं. दुखतं म्हणून नको वाटायचं आणि नको वाटायचं म्हणून जास्त दुखायचं. असं करता करता इच्छा म्हणून जे काही असतं ते महिनोन् महिने फिरकेनासं झालं. नवरा मात्र मला नकोसा झालेला नव्हता. संसाराला एकोणतीस वर्षं झाल्यावर असं म्हणता येणं ही काही किरकोळ गोष्ट नाही. पण हे त्यांना सांगायचं कसं ते मला समजत नव्हतं, आणि मी सांगत नाही म्हणून ते काय समजून बसलेत ते मात्र चांगलं समजत होतं.

माझे यजमान गोपाळकृष्ण पाटबंधारे खात्यात अभियंता आहेत. मी शनिवार पेठेतल्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. ग्रंथपालाने अडचण आली की पुस्तक काढावं, या न्यायाने मी आरोग्याचं अख्खं कपाट चाळून काढलं. त्या पुस्तकांमध्ये बाई वयात येते, गरोदर राहते, बाळंत होते, बाळाला वरणाचं पाणी पाजते आणि पुढच्या पुस्तकात थेट सांधेदुखीने आजारी पडते. मधली वीस-पंचवीस वर्षं ही बाई कुठे जाते, याची नोंद आमच्या शाळेत तरी नाही.

मग मी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर रंगनाथ वयाने सत्तरीचे, हाताला गुण असलेले, आणि रोज सकाळी गोपाळकृष्णांबरोबर फिरायला जाणारे. त्यांच्या खोलीला दार नाही, पडदा आहे. पडद्यापलीकडे बाकावर सात-आठ पेशंट बसलेले असतात आणि आतल्या माणसाला काय झालंय यावर आपापसांत मत देतात. माझ्या आधी आत गेलेल्या गृहस्थांच्या मूळव्याधीवर बाकावर दोन तट पडलेले मी स्वतः पाहिले.

"बोला मंदाकिनीबाई, काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं. बाहेरचा बाक एकदम शांत झाला.

"गुडघा," मी म्हणाले.

"कोणता?"

"उजवा." हे मी तिथल्या तिथे ठरवलं.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण आमच्या घरात दुखण्याला एकटं सोडत नाहीत. गोपाळकृष्णांनी त्याच दिवशी पट्टा आणला. रोज संध्याकाळी सहा वाजता वाटीत तेल कोमट करून ते माझ्या गुडघ्याला लावायला लागले. बंगळूरहून मुलीने, वैष्णवीने, लाल उजेडाचा दिवा पाठवला आणि फोनवर बजावलं, "आई, no excuses, रोज वीस मिनिटं." माझा निरोगी गुडघा रोज वीस मिनिटं दिव्याखाली तळून निघत होता. पंधरा दिवसांनी गोपाळकृष्ण आपली उशी घेऊन दिवाणखान्यात झोपायला गेले. "तुला पाय मोकळा पसरता यावा," म्हणाले. इतक्या सभ्यपणे म्हणाले, की नको म्हणायला मला तोंडच राहिलं नाही.

आणि मग एका संध्याकाळी त्यांनी आलेखाच्या कागदावर एक नकाशा आणून माझ्यापुढे ठेवला. आमचा सागवानी डबल पलंग मधोमध कापून त्याचे दोन सिंगल करायचे. गुडघ्याला उंची नको म्हणून पाय चार इंच कापायचे. पेन्सिलीने सगळी मापं लिहिलेली. दोन पलंगांच्या मध्ये एक चौकोन होता आणि त्यात 'दीड फूट' असं लिहिलं होतं.

"हे काय?" मी विचारलं.

"औषधं ठेवायला जागा. आता वय झालं आपलं, मंदा. लागतीलच."

ते दीड फूट मी दोनदा वाचलं. या माणसाने धरणांची कामं केली आहेत; एकदा भिंत घातली की ती पाडायची त्यांना सवय नाही. त्यांनी सुतारालाही सांगून टाकलं होतं. सुखदेव सुताराने पंधरा दिवसांनंतरचा रविवार दिला होता. म्हणजे माझ्या हातात पंधरा दिवस होते.

मी पहिल्यांदा सरळ औषध आणायचं ठरवलं. आम्ही राहतो त्या विश्रांतवाडीत मला सगळे ओळखतात आणि शनिवार पेठेत शाळेचे पालक ओळखतात, म्हणून मी बस पकडून मुद्दाम स्वारगेटला गेले. स्टँडजवळच्या एका मेडिकलमध्ये गर्दी कमी होण्याची वाट पाहिली आणि शक्य तितक्या रुक्ष आवाजात म्हणाले, "कोरडेपणावर काहीतरी द्या."

दुकानदाराने डोळ्यांत घालायचे थेंब काढले. मी मान हलवली. त्याने ओठांना लावायची डबी काढली. मी पुन्हा मान हलवली. त्याने टाचांच्या भेगांचं मलम काउंटरवर ठेवलं. डोळे झाले, ओठ झाले, टाचा झाल्या. मधला मुलूख या माणसाच्या नकाशातच नव्हता. मी धीर करून तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आवाज आला, "अगं बाई! मंदाकिनी, तू इकडे कुठे?"

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या वेणूबाई. वय चौऱ्याहत्तर. साताऱ्याला भावाकडे निघाल्या होत्या आणि एसटीला वेळ होता म्हणून खोकल्याच्या गोळ्या घ्यायला आल्या होत्या.

"गुडघ्याचा पट्टा घ्यायला आले," मी म्हणाले.

"विश्रांतवाडीत पट्टे मिळत नाहीत?"

"इथले चांगले असतात."

मी दुसरा पट्टा विकत घेऊन घरी आले. वेणूबाई साताऱ्याहून परतल्यावर दोन दिवसांत माझा गुडघा ए, बी आणि सी तिन्ही इमारतींना ठाऊक झाला. मेथीचे लाडू आले, निर्गुडीचा पाला आला, गेटवरच्या रखवालदाराने आपण होऊन खुर्ची पुढे केली. लोकांचा इतका जिव्हाळा बघून मला लंगडावं लागलं. लंगडणं सोपं नसतं. कोणता पाय ते लक्षात ठेवावं लागतं.

वेणूबाईंना विचारून पाहावं असंही एकदा मनात आलं. बाईंनी आयुष्य पाहिलंय. मी म्हणाले, "माझ्या एका मैत्रिणीला पाळी गेल्यापासून त्रास होतोय. म्हणजे, नवऱ्याजवळ जाताना."

वेणूबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, "या वयात कसलं आलंय ते? जपाला बसायला सांग." मग एक पाकळी सोलून म्हणाल्या, "तिचाही गुडघा दुखतो का गं?"

मी दूध उतू जाईल म्हणून घरी गेले. गॅसवर दूध नव्हतंच.

त्याच आठवड्यात शाळेत डॉक्टर अपेक्षा नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञ नववीच्या मुलींशी बोलायला आल्या होत्या. वय असेल चौतीस-पस्तीस. त्या सगळे शब्द सरळ उच्चारत होत्या. पर्यवेक्षिका उठून खिडक्या लावत होत्या आणि डॉक्टर आपल्या बोलत होत्या. शेवटी मुलींनी नाव न घालता चिठ्ठ्या एका डब्यात टाकल्या आणि डॉक्टरांनी एकेक उघडून उत्तरं दिली. कुणाची चिठ्ठी कोणती, ते कुणालाही कळलं नाही. त्या डब्याकडे बघता बघता माझ्या डोक्यात ट्यूब पेटली.

सरळ त्यांच्या दवाखान्यात का गेले नाही, असं कुणी विचारील. दवाखाना आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर पहिल्या मजल्यावर आहे आणि बाहेर हातभर अक्षरांत 'प्रसूतिगृह' अशी पाटी आहे. त्रेपन्नाव्या वर्षी मी तो जिना चढले असते, तर उतरेपर्यंत सोसायटीत माझ्या डोहाळजेवणाचा बेत ठरला असता. त्यापेक्षा डॉक्टरांनाच सोसायटीत आणावं, सगळ्या बायकांच्या चिठ्ठ्यांत आपली एक सरकवावी, उत्तर ऐकावं, आणि रविवारच्या आत गोपाळकृष्णांशी बोलावं, अशी माझी योजना होती. डॉक्टर अपेक्षांनी शनिवारी संध्याकाळी पाचची वेळ दिली. दुसऱ्या दिवशी सुखदेव करवत घेऊन येणार होता.

हॉलसाठी अर्ज करावा लागतो. विषय लिहावा लागतो. मी लिहिला: 'पाळीनंतरचे स्त्री-आरोग्य, फक्त महिलांसाठी.' अध्यक्ष ज्ञानदेवरावांनी मला कार्यालयात बोलावून घेतलं. आमची सोसायटी त्यांच्या आजोबांच्या ज्वारीच्या शेतावर उभी आहे, त्यामुळे अध्यक्षपदाची निवडणूक अजून कधी झालेली नाही.

"वहिनी, इषय चांगला हाय," ते अर्ज लांब धरून म्हणाले. "पन नोटीसबोर्डावर कसा लावायचा? तिथं आपन पान्याच्या टँकरचं लावतो."

"टँकरच्या खाली लावा."

"आनि फक्त महिलांसाठी म्हनताय. तसं न्हाई चालत. नियम सतरा. हॉलमधला कार्यक्रम समद्या सभासदांना खुला."

नियम सतरा माझ्याच नवऱ्याने लिहिला होता. गोपाळकृष्ण सोसायटीचे चिटणीस आहेत. मी घरी येऊन म्हणाले, "अहो, एवढा एक नियम बदला ना."

"त्याला सर्वसाधारण सभा लागते. एकवीस दिवसांची नोटीस," ते म्हणाले. माझ्या गुडघ्याला तेल लावणं चालूच होतं.

पलंग कापायला नाही लागत कुठली सभा, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर तेलाची वाटी धरून बसलेल्या माणसाशी भांडता येत नाही.

समितीची बैठक झाली. ठराव नोटीसबोर्डावर लागला, तो मी वाचला आणि तिथल्या खुर्चीवर खरोखरच बसले. रखवालदाराला धन्य वाटलं असेल. 'मंदाकिनी वहिनींना होणाऱ्या त्रासाची दखल घेऊन व्याख्यानाचा विषय सर्वानुमते "महिलांचे आरोग्य व गुडघेदुखी" असा करण्यात येत आहे. सर्व सभासदांनी लाभ घ्यावा. साबुदाणा वड्याची व्यवस्था केली आहे.'

साबुदाणा वड्यामुळे शनिवारी पावणेपाचलाच हॉल भरला. पुढच्या दोन रांगांत सगळे ज्येष्ठ पुरुष. कुणी पट्टा बांधून आलेलं, एकाने मांडीवर एक्स-रेचं पाकीट ठेवलेलं. बायका मागे. डॉक्टर अपेक्षा आत आल्या, पहिल्या रांगेकडे पाहिलं, फलकाकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "काकू, मी गुडघे नाही बघत."

"माहीत आहे," मी म्हणाले. "तुम्ही सुरू करा. डब्यात असतील की तुमचे प्रश्न."

मिठाईचा रिकामा खोका मी हॉलच्या दाराशी ठेवला होता. माझी चिठ्ठी मी सकाळीच लिहिली होती, डाव्या हाताने, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून. इतकी खबरदारी घेणारी बाई कागदाच्या बाबतीत मात्र संस्कारांना बळी पडली. प्रश्न विचारायला कोरा कागद फाडायचा, हे माझ्या हातून होणं शक्य नाही. आमच्या घरी कागदाच्या दोन्ही बाजू संपल्याशिवाय तो रद्दीत जात नाही. फ्रिजच्या बाजूला पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा चिमट्याला लावलेला असतो. त्यातला वरचा ओढला, लिहिलं, चार घड्या घातल्या आणि टाकला.

चिठ्ठ्या डॉक्टर स्वतः वाचणार, असं मी धरून चालले होते. पण ज्ञानदेवरावांनी माइक हातात घेतला. "चिठ्ठ्या आपले चिटनीस वाचतील. आवाज खनखनीत हाय त्यांचा."

गोपाळकृष्ण गणपतीत सूत्रसंचालन करतात. ते शर्ट नीट करून उठले. माझा घसा सुकला. आता शरीराचा तेवढा एकच भाग कोरडा पडायचा राहिला होता.

पहिली चिठ्ठी उकिडवं बसता येत नाही अशी होती. दुसरीत सी इमारतीची लिफ्ट बंद असल्याने गुडघे दुखतात, जबाबदार कोण, असं विचारलं होतं. तिसरी लिफ्टचीच. चौथ्या चिठ्ठीत विचारलं होतं की वडे कधी मिळणार. डॉक्टर बाटलीतलं पाणी पीत होत्या. गोपाळकृष्णांनी पाचवी चिठ्ठी उघडली. चार घड्या होत्या.

"पाळी गेल्यापासून योनीमार्ग कोरडा पडतो," त्यांनी खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. कार्यक्रम हातात घेतला की मधे थांबायचं नाही, ही त्यांची शिस्त. ते वाचत राहिले. "संबंधांच्या वेळी फार दुखतं. त्यामुळे इच्छाच उरलेली नाही. नवरा नकोसा झालेला नाही, पण त्याला तसं वाटत असेल. उपाय आहे का? आणि त्याला हे कसं सांगावं?"

चिटणिसांच्या सवयीप्रमाणे फ्लॅट क्रमांक लिहिलाय का, ते बघायला त्यांनी कागद उलटा केला.

मी मागच्या रांगेत होते. इतक्या लांबूनही मला आलेखाच्या बारीक निळ्या रेघा दिसल्या. पक्का नकाशा सुखदेवला दिला होता. कच्चा फ्रिजच्या चिमट्याला आला होता. त्यांच्याच हातची मापं, त्यांचाच तो चौकोन, मधे त्यांच्याच अक्षरात 'दीड फूट'. गोपाळकृष्ण त्या कागदाकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी त्याची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि माइक डॉक्टरांकडे दिला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. त्या क्षणी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चला," डॉक्टर अपेक्षा खुर्चीत सरसावून बसल्या, "माझ्या विषयाचा प्रश्न आला एकदाचा. ज्यांनी विचारला त्यांनी फार चांगलं केलं. हे खूप बायकांना होतं. पाळी गेली की शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं. तिथली त्वचा पातळ होते, ओलावा कमी होतो, म्हणून दुखतं. यात मायेचा, संस्काराचा, वयाला शोभण्याचा काही संबंध नाही. आणि दुखणाऱ्या गोष्टीची इच्छा कुणाला होईल? तुमच्या बुटात रोज खिळा टोचला तर फिरायला जावंसं वाटेल का, काका?"

एक्स-रेवाल्या काकांनी पाकीट तोंडापुढे धरलं आणि आतून "नाही" म्हणाले.

"उपाय आहेत. तिथे वापरायचं मॉइश्चरायझर मिळतं, ते आठवड्यातून दोन-तीनदा नियमाने लावायचं, संबंध असोत-नसोत. संबंधांच्या वेळी वंगण वेगळं, त्याला ल्युब्रिकंट म्हणतात. साबणाने, सुगंधी द्रव्यांनी तिथे धूत बसू नका. एवढ्याने भागलं नाही तर इस्ट्रोजेनचं मलम असतं, अगदी कमी प्रमाणात, तिथल्या तिथे काम करणारं. पण ते तपासून घेऊन, डॉक्टरांनी दिलं तरच. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी सांगायचं. काही गोळ्यांनीसुद्धा इच्छा कमी होते, म्हणून चालू औषधांची यादी घेऊन या. आणि पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर एक दिवस थांबू नका."

"आनि ते इच्छेचं?" मागून कुणीतरी विचारलं. मान वळवून बघायची कुणाची हिंमत झाली नाही.

"दुखणं थांबलं की भीती जाते, मग मन वळतं. पुष्कळ बायकांमध्ये इच्छा आधी येतच नाही. जवळ बसलं, बोललं, घाई नसली की मागून येते. म्हणून अंतर वाढवू नका. नुसतं जवळ असण्याला मनाई नाही कुणाची."

ज्ञानदेवराव एवढा वेळ वड्यांच्या टेबलाकडे बघत होते. ते आता उठले. "हे असलं कुनी टाकलं डब्यात? म्हातारी मानसं बसल्यात हितं. चिटनीस, ती चिठ्ठी द्या इकडं. आनि मेंटेनन्सचं रजिस्टर आना. अक्षर ताडून बघू."

"शोधायची गरज नाही," गोपाळकृष्ण म्हणाले. त्यांना माइक लागत नाही. "चिठ्ठी आमच्या घरातली आहे. डॉक्टरांचं बोलणं पूर्ण होऊ द्या."

अडीच महिने जे मी दोन पट्टे, एक दिवा आणि लाडवांचे तीन डबे यांच्याआड लपवलं, ते या माणसाने एका वाक्यात तिन्ही इमारतींना सांगून टाकलं. पण त्यांनी मान खाली घातली नव्हती. मग मी का घालावी? मी उठले. "मीच लिहिली," म्हणाले. "डाव्या हाताने लिहिलीय, रजिस्टरशी जुळणार नाही."

एक्स-रेवाल्या काकांनी पाकीट पुन्हा तोंडापुढे धरलं. तेव्हा वेणूबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मला हे बत्तीस वर्षांपूर्वी कुणी सांगितलं नाही. मी जपाला बसले." त्या कुणाकडेही बघत नव्हत्या. "चांगला होता गं आमचा माणूस."

मी त्यांचा हात धरला. तेवढ्यात ज्ञानदेवरावांच्या पत्नी मैनाताई, ज्यांना बारा वर्षांत कुणी सभेत बोलताना ऐकलं नव्हतं, पदर खोचून उभ्या राहिल्या. "अवो, बसा खाली तुमी," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "डॉक्टरीनबाई, तुमचा दवाखाना किती वाजता उगडतो?" मघाशी इच्छेचं कुणी विचारलं होतं, ते सगळ्यांना कळलं. ज्ञानदेवराव बसले. नियम सतराप्रमाणे त्यांना बाहेर जायचाही हक्क होता, पण तो त्यांना आठवला नाही.

वडे गार झाले. कुणी तक्रार केली नाही, आणि आमच्या सोसायटीत हे प्रथमच घडलं.

आम्ही जिन्याने घरी निघालो. पहिला मजला गोपाळकृष्ण माझ्या पायांकडे बघत चढले. दुसऱ्या मजल्यावर थांबून म्हणाले, "गुडघा?"

"ठणठणीत आहे."

"अडीच महिने मी तेल लावलं, मंदा."

"त्यातलं आठवडाभर डाव्याला लावलंत. मी काही बोलले का?"

ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. कठड्याला धरून उभे राहिले. "मला वाटलं, मी नकोसा झालो तुला," म्हणाले. "विचारायची भीती वाटली. तू हो म्हणाली असतीस तर काय केलं असतं? म्हणून पलंगाचं काढलं. निदान आपणहून बाजूला झालो असं तरी झालं असतं."

मला रडू आलं. जिन्यात रडायची माझी पद्धत नाही, पण आलं. एवढा शहाणा माणूस आणि एवढी शहाणी मी, आणि दोघं मिळून एका धडधाकट गुडघ्याची सेवा करत बसलो होतो. "मला दुखतं, हे सांगायची लाज वाटली," मी म्हणाले. "तुमची कधीच वाटली नाही."

वरून वेणूबाईंच्या दाराची कडी वाजली आणि लगेच परत लागली. बाईंनी त्या दिवशी आम्हाला तेवढी सवलत दिली.

सोमवारी आम्ही दोघं मिळून 'प्रसूतिगृह' असं लिहिलेला जिना चढलो, संध्याकाळी साडेसहाला, फाटकावर सगळी मंडळी बसलेली असताना. आत मैनाताई आधीच नंबर लावून बसल्या होत्या. डॉक्टरांनी तपासलं, मॉइश्चरायझर दिलं, मलम दिलं, कसं वापरायचं ते सांगितलं. गोपाळकृष्णांनी वहीत सगळं क्रमांक घालून उतरवून घेतलं आणि तीन उपप्रश्न विचारले, ते मी इथे देत नाही. गुण एका रात्रीत आला नाही. डॉक्टर म्हणाल्या होत्या आठवडे लागतील, तसे लागले. पण उशी पहिल्याच दिवशी दिवाणखान्यातून परत आली, आणि नुसतं शेजारी पडून गप्पा मारण्यात किती मजा असते ते आम्ही विसरलो होतो, ते आठवलं. बाकीचंही हळूहळू वाटेवर आलं. त्याहून तपशील हवा असेल तर ज्याने त्याने आपापल्या घरी शोधावा.

सुखदेव सुतार दिलेल्या रविवारी आला नाही. दिलेल्या रविवारी सुतार येत नसतो, त्यामुळे आम्हीही त्याला विसरलो. तो पाचव्या रविवारी सकाळी करवत, रंधा आणि पक्का नकाशा घेऊन दारात उभा राहिला.

"पलंग कापायचा नाही," गोपाळकृष्ण म्हणाले.

"असं कसं साहेब? धानोरीचं काम सोडून आलोय. हत्यारं काढलीत." सुखदेवचा चेहरा पडला. "दुसरं काहीतरी तरी सांगा."

गोपाळकृष्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी विचार केला. वैष्णवी तीन वर्षांची असताना झोपायच्या खोलीत आतून अडकून बसली होती. तेव्हा त्या दाराची कडी काढून टाकली, ती तेवीस वर्षांत परत लावायची गरज कुणाला वाटली नव्हती.

"आतल्या खोलीच्या दाराला कडी बसवा," मी म्हणाले.

सुखदेवने दार हलवून बघितलं, कानामागची पेन्सिल काढली. "बाहेरून बसवू का आतून?"

"आतून," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.